ऑडिशनला ‘तुमच्याच पद्धतीनं बोला’ म्हणतात, म्हणजे नेमकं कसं?

विंगेतली_मी:
नमस्कार मंडळी. बारा वर्षं प्रायोगिक नाटकं केली, दोन व्यावसायिकही. दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्रजी बोलणाऱ्या देशात आले. आतापर्यंत चौदा ऑडिशन्स झाल्या, काम शून्य. परवाचीच गोष्ट. दोन मिनिटांचं स्वगत, पाठांतर चोख. संपल्यावर टेबलामागची बाई म्हणाली, ‘‘छान. आता हेच तुमच्या पद्धतीनं बोला, उच्चार दाबू नका.’’ म्हणून मी मोकळी सुटले, तर तिसऱ्याच वाक्याला हात वर. ‘‘हे जरा समजलं नाही.’’ आता सांगा, कुठल्या तोंडानं बोलायचं? घरी उच्चार घोटत बसते तेव्हा माझे हातच हलत नाहीत, आणि श्वास कुठं घ्यायचा हेसुद्धा आठवावं लागतं. मराठीत असलं काही आयुष्यात आठवावं लागलं नव्हतं. वय ३६. मराठी मंडळाचं नाटक करतेच, पण ती हौस झाली. मला पोटापाण्याचं काम हवंय.

तिसरी_घंटा:
ताई, तुमचा उच्चार अडत नाहीये, आघात, म्हणजे शब्दावरचा जोर, अडतोय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला चार वर्षं लागली. तुमचा ‘व’ आणि ‘ट’ त्यांना पाचव्या मिनिटाला सवयीचा होतो. पण ‘रेकॉर्ड’ हे नाम असेल तर जोर ‘रे’वर, क्रियापद असेल तर ‘कॉर्ड’वर. तो चुकला की ऐकणारा त्या शब्दापाशी अडकतो आणि पुढची ओळ हुकते. मराठीत जोर इकडचा तिकडे गेला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे वळलेलाच नसतो.

वाक्याचंही तेच. ‘मीच तुला सांगितलं’, ‘मी तुलाच सांगितलं’, ‘मी तुला सांगितलंच होतं’. आपलं सगळं काम हा ‘च’ करतो. इंग्रजीत ‘च’ नाही, तिथं तो आवाजानं लावावा लागतो. म्हणून स्वगत आधी मराठीत करा. घाईत, भांडल्यासारखं. जिथं ‘च’, ‘तर’, ‘सुद्धा’ येईल तिथं पेन्सिलनं खूण करा आणि इंग्रजीत त्याच शब्दावर आवाज टेकवा. हातही परत येतील, कारण आपले हात त्या ‘च’वरच हलतात. त्या बाईला ‘तुमची पद्धत’ म्हणून बहुधा हेच हवं होतं.

आणि योशी ओइदांबद्दल वाचा. जपानी नट, १९६८ मध्ये पॅरिसला ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रूककडे गेले, ते पुढं तिकडेच स्थिरावले. नाटकं केली, दिग्दर्शन केलं, शिकवलंही.

नेपथ्यवाला:
ओइदांचं उदाहरण सगळे देतात. त्यांना बोलावणं आलं होतं हो! तुम्हाआम्हाला कोण बोलावतंय? फ्रेंच दिग्दर्शिका आरियान म्नुश्किनच्या १९६४ पासूनच्या ‘तेआत्र द्यु सोलेय’ या नाट्यसंस्थेत देशोदेशीचे नट आहेत म्हणतात, तेही खरंच. पण अशी दारं जगात मोजकी.

मी मागच्या दारानं शिरलो. आधी प्रॉम्प्टिंग, मग बॅकस्टेज. तालमीत रोज सहा तास बसलं की त्यांची नाटकातली भाषा कानात मुरते. शिवीसुद्धा कुठल्या सुरात द्यायची ते कळतं. एकदा एक नट आजारी पडला. अख्खी संहिता पाठ असलेला त्या हॉलमध्ये मी एकटाच होतो. सहा ओळींची भूमिका. पुढच्या नाटकाला ऑडिशनचं बोलावणं न मागता आलं.

अजून एक. बारा वर्षांची नाटकं बायोडेटात ओतू नका. इथं कुणी ती पाहिलेली नाहीत. चार ठळक भूमिका ठेवा, बाकी गाळा. जीव तुटतो, पण गाळा.

कागदपत्री:
रुक्ष मुद्दा, पण आधी व्हिसा बघा. नवऱ्याच्या व्हिसावर आला असाल तर काम करायची मुभा आहे का, आणि मानधन नसलेलं नाटकही ‘काम’ धरतात का, हे त्या देशाच्या नियमात स्वतः वाचा. ग्रुपमधल्या सांगोवांगीवर जाऊ नका. नटांची युनियन असेल तर सभासद नसतानाही फोन करून बघा. आणि नोंदणीचे पैसे आधी मागणाऱ्या एजंटापासून चार हात लांब. खरा एजंट तुम्हाला काम मिळाल्यावर त्यातलं कमिशन घेतो. मी एकदा दिलेत, म्हणून सांगतेय.

विंगेतली_मी:
कागदपत्री, व्हिसावर कामाची मुभा आहे, पण बिनमानधनाचं कलम वाचलंच नव्हतं. आज वाचते. नेपथ्यवाले दादा, बायोडेटा तीन पानांचा होता, सव्वा पानावर आणलाय. अजून दोन भूमिकांवरून हात निघत नाही.

तिसरी_घंटा, काल रात्री तुमचा ‘च’ लावून बघितला. आठ ओळींत पाच निघाले. त्यातले तीन मी ऑडिशनला भलत्याच शब्दावर मारले होते. सहाव्यांदा म्हणताना हात आपोआप वर गेला, आणि आतल्या खोलीतून नवरा ओरडला, ‘‘कुणाशी भांडतेयस गं?’’