हवामानाचं बिल कुणाच्या नावाने फाडायचं?

वाडीवरचा (धागाकर्ता)

श्रीवर्धन तालुक्यात आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ आलं आणि आजोबांनी लावलेल्या पोफळी तीन-चार तासांत आडव्या झाल्या. पोफळ उंच आणि बारीक, त्यामुळे बरीच झाडं मुळासकट न उपटता मध्येच काडीसारखी मोडली. दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीतून समुद्र दिसला. त्या घरात मी जन्मलो, पण पडवीतून समुद्र कधी दिसला नव्हता. पुढे बरीच ओरड झाली, तेव्हा भरपाई हेक्टरी न धरता झाडामागे ठरली: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात.

हे सगळं परत डोक्यात आलं ते बाकूमुळे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अझरबैजानच्या राजधानीत हवामान परिषद भरली. गरीब आणि विकसनशील देश मागत होते वर्षाला १.३ लाख कोटी, म्हणजे १,३०० अब्ज डॉलर. श्रीमंत देशांनी कबूल केले वर्षाला ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत गाठू म्हणून. आपल्या प्रतिनिधी चांदनी रैना यांना मंजुरीआधी बोलायचं होतं, पण अध्यक्षांनी आधीच हातोडा आपटला. मग त्यांनी उभं राहून त्या मसुद्याला दृष्टिभ्रम म्हटलं. खोटं कशाला सांगू, ऐकून बरं वाटलं. आजवर हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आणि आपला तीन-चार टक्के. आजही तिकडचा माणूस वर्षाला १४ टनांच्या घरात आणि आपला दोन. वसुली व्हायलाच हवी.

पण हा दरडोईचा हिशोब परतीच्या विमानातून उतरला की आपण विमानतळावरच सोडतो. त्या दोन टनांत माझ्या वाडीत कामाला येणारा गडी आहे. त्याच्या घरात दोन दिवे, एक पंखा. त्याच दोन टनांत महिन्याला चार विमानं पकडणारा, घरभर एसी लावणारा मुंबईकरही आहे. गड्याच्या गरिबीने सरासरी खाली येते आणि त्या सरासरीच्या सावलीत दुसरा गार बसतो. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेच्या भारतीय शाखेने २००७ मध्ये नेमकं हेच म्हटलं होतं, गरिबांच्या आड लपणं. तेव्हा त्यांना बऱ्याच शिव्या बसल्या.

माझं म्हणणं एवढंच की 'ज्याने जास्त धूर केला त्याने जास्त भरावं' हा नियम बाकूत खरा असेल तर ठाणे-रायगडातही खरा असला पाहिजे. तिथे आपण फिर्यादी. इथे फिर्यादी आमची वाडी. मग आरोपी कोण?

---

ठोकताळे

वादळं काय २०२० पासून सुरू झाली? नोव्हेंबर १९४८ ला मुंबईवर आलं होतं, आमचे आजोबा सांगायचे. १८८२ ला तर लाखभर माणसं गेली म्हणतात. हिमयुगं काय मोटारींच्या धुराने संपली? हवामान बदलतच असतं. यात परिषदावाल्यांची चंगळ आहे, दरवर्षी नवं शहर आणि हजारो लोक विमानाने. आणि चीनबद्दल धाग्यात एक अक्षर नाही! जगातला ३० टक्के कार्बन आज चीन सोडतो, अमेरिका आणि युरोपीय महासंघ मिळून सोडत नाहीत एवढा. तरी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराच्या १९९२ च्या यादीप्रमाणे तो अजून 'विकसनशील'. सौदी आणि कतारसुद्धा. आधी त्यांच्याकडून घ्या, मग आमच्या एसीकडे बघा.

---

बाष्प

ठोकताळे, १९४८ चं वादळ खरं. १८८२ चं मात्र सोडा. लोकांनी जुनी वर्तमानपत्रं आणि नोंदी चाळल्या, लाख माणसं मेल्याचा मागमूस नाही. ऐकीव गोष्ट पुस्तकातून पुस्तकात उतरत गेली आहे.

निसर्ग एकटं धरून काही सिद्ध होत नाही, हे धागाकर्त्यालाही मान्य असावं. पण पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये १९८२ पासूनची अरबी समुद्रातली चक्रीवादळं मोजली. नंतरच्या वीसेक वर्षांत संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली. बंगालचा उपसागर वादळांचा आणि आपला समुद्र शांत, हे शाळेतलं गणित आता चालत नाही. पाणी तापलंय.

हिमयुगांचं म्हणाल तर ती सूर्याभोवतीच्या पृथ्वीच्या कक्षेतल्या बारीक बदलांनी आली-गेली, हजारो वर्षांच्या चालीने. आत्ताची चाल वेगळी आहे. हवाईच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ ला मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर. आणि सूर्य जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत गरम व्हायला हवं होतं. होतंय उलटं. खालचा थर तापतोय, वरचा स्थितांबर गार होतोय. गोधडी पांघरली की उष्णता आतच अडकते, बाहेर पोचत नाही, तसं.

चीनबाबत मात्र सहमत. बाकूतसुद्धा हाच तंटा होता, देणाऱ्यांच्या रांगेत चीनला उभं करायचं की नाही.

---

चंद्रपूरचा

भाऊ, आरोपी शोधता शोधता आमच्या दारात येऊ नका, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. राख आमच्या पत्र्यावर, कोळशाची धूळ आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. मे महिन्यात पारा ४६-४७ गेला तर आमच्याकडे ती बातमीही नसते. वीज जाते पुण्या-मुंबईकडे. म्हणजे तुमचा गरीब-श्रीमंत हिशोब आम्ही रोज अंगावर काढतो, आम्हाला नका शिकवू.

पण कोळसा उद्या बंद करा म्हणणाऱ्यांनी रात्री आठ वाजता घरातला दिवा लावून दाखवावा. २०२५ मध्ये देशाची निम्मी स्थापित क्षमता कोळसा-गॅसशिवायची झाली, उद्दिष्टाच्या पाच वर्षं आधी, म्हणून पेढे वाटले. क्षमता वेगळी आणि युनिटं वेगळी. सूर्य मावळला की ते मेगावॉट कागदावर. आजही दहातली सातेक युनिटं कोळशाचीच आहेत. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ ला आपल्या मंत्र्यांनी शेवटच्या घटकेला कोळसा 'फेज आउट'चं (हळूहळू बंद) 'फेज डाउन' (हळूहळू कमी) करून घेतलं, परिषदेच्या अध्यक्षांना रडू आलं. आमच्या कँटीनमध्ये त्या दिवशी कुणी रडलं नाही. एक शब्द बदलला म्हणून इथल्या कंत्राटी पोरांची दहा-पंधरा वर्षं वाचली.

---

नटबोल्ट

भोसरीत छोटा वर्कशॉप आहे, माल युरोपात जातो. धागाकर्त्याशी पूर्ण असहमत. वाटाघाटीला बसताना आपल्याच माणसाने 'आमचे श्रीमंतही दोषी' म्हणायचं म्हणजे समोरच्याच्या हातात कोलीत.

आणि समोरचा बिल फाडून मोकळाही झालाय. १ जानेवारी २०२६ पासून युरोपचा सीमेवरचा कार्बन कर पक्का झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत. नट-बोल्टसुद्धा त्या यादीत आहेत. दोन वर्षं गिऱ्हाइकाकडून एक्सेल येतंय: एक टन बोल्टमागे किती कार्बन? भट्टी कुठल्या इंधनावर? तारेचं वेटोळं कुठल्या गिरणीतून? तार ज्या व्यापाऱ्याकडून घेतो त्याला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, बिल देतो तेच खूप समजा." रकाना रिकामा ठेवला की ते स्वतःचा ठोक आकडा धरतात, आणि तो चढाच असतो. वर्षाला ५० टनांपर्यंत सूट आहे, पण ती आयातदाराची, आमची नाही. त्याने चार ठिकाणांहून माल घेतला की ओलांडली मर्यादा.

हा पैसा जाणार कुठे? युरोपच्या तिजोरीत. श्रीवर्धनला एक पोफळ त्यातून लागणार नाही. ज्या श्रीमंत देशांनी कोपनहेगनच्या हवामान परिषदेत २००९ मध्ये वर्षाला १०० अब्ज डॉलर कबूल केले, २०२० ची मुदत चुकवली, २०२२ ला कसेबसे गाठले आणि त्यातलंही बरंचसं कर्ज म्हणून दिलं, ते आता आमच्याकडून वसूल करणार. चोर तो वर शिरजोर.

---

श्टुटगार्टकर

नटबोल्ट, एक बाजू सुटली. युरोपातले पोलाद कारखाने स्वतःही कार्बनचे पैसे भरतात. सीमेवर कर नसेल तर ते इथली भट्टी बंद करून बाहेर जातील, ही इथली भीती खोटी नाही. आणि त्याच नियमात लिहिलंय की मालावर मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर तेवढी वजावट मिळेल. म्हणजे आपण आपल्याकडे वसूल केलं तर पैसा आपल्याच तिजोरीत राहतो. भारताने कार्बन बाजाराची योजना २०२३ मध्ये अधिसूचित केली, ती याचसाठी उपयोगी पडावी.

इथला दुटप्पीपणा मी रोज बघतो, त्याची वकिली करत नाही. जर्मनीने शेवटच्या तीन अणुभट्ट्या एप्रिल २०२३ ला बंद केल्या आणि त्याच वर्षी जानेवारीत लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीसाठी ल्युत्सराथ गाव रिकामं केलं, पोलिस लावून.

एक मात्र सांगतो. २०२१ च्या जुलैत इथल्या आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, १३० हून जास्त माणसं गेली. आठवड्याभराने, २२ जुलैला, वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली. माझं आजोळ चिपळूण. त्या पंधरवड्यात सकाळी इथले व्हिडिओ आणि रात्री तिथले, दोन्हीत तोच चॉकलेटी चिखल आणि रस्त्यावर काढून ठेवलेली कपाटं. जर्मनीने पुनर्बांधणीला ३० अब्ज युरोचा निधी उभारला. जगातल्या सगळ्या गरीब देशांसाठी दुबईला २०२३ मध्ये जो नुकसानभरपाईचा निधी सुरू झाला, त्यात सगळ्यांनी मिळून कबूल केलेली रक्कम एक अब्ज डॉलरच्याही आत आहे.

---

रात्रपाळी

जुन्नरकडचा शेतकरी. कोण आरोपी ते तुम्ही ठरवा. आम्हाला सौर फीडरवरून (सौरऊर्जेवर चालणाऱ्या शेतीच्या वीजवाहिनीवरून) दिवसा वीज मिळायला लागली, यात आनंद. आधी रात्री एकला मोटार चालू करायला जायचं, बॅटरी हातात, उसात बिबट्या. युरोप सांगतो म्हणून नव्हे, जीव वाचतो म्हणून सौर.

---

हिशेबनीस

श्टुटगार्टकर म्हणतात तसं 'आपण आपल्याकडे वसूल करणं' आपण करून बसलोय, हे कुणाला आठवत नाही याची गंमत वाटते. २०१० च्या अर्थसंकल्पात कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला. वाडीवरचा, तुमच्या पोफळीएवढाच. २०१६ पर्यंत तो ४०० वर गेला. स्वच्छ ऊर्जेसाठी वेगळा निधी काढला होता, पैसा त्यात जायचा. २०१७ ला जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईकडे वळवला. सप्टेंबर २०२५ ला तोही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. म्हणजे धुरावरचा कर होता, पण धुराच्या कामाला लागला तो सातेक वर्षं, आणि तेव्हाही निधी पुरता खर्च झाला नाही.

बाकूत ३०० अब्ज मिळाले असते तर ते पोफळीपर्यंत कुठल्या वाटेने येणार होते, हे त्यामुळे मी विचारतो. लेखा खात्यात तीस वर्षं काढली आहेत, सवय आहे.

---

चंद्रपूरचा

हिशेबनीस साहेब, ते ४०० रुपये भरले कोणी हेही लिहा ना. एका युनिटला साधारण ६५०-७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे युनिटमागे पाव रुपया. तो बिलात सगळ्यांच्या लागला, एसीवाल्याच्या आणि दोन दिव्यांच्या गड्याच्याही. दर सारखा. ज्याने जास्त धूर केला त्याने भरावं म्हणता, मग स्लॅब लावून वरच्याकडूनच घ्या. नाहीतर आम्ही राख खायची आणि उपकरही भरायचा.

---

वाडीवरचा

चंद्रपूरचा, हे तुमचं बरोबर आहे आणि मूळ लेखात यायला हवं होतं. कोळसा उद्या बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण राख तुमच्या पत्र्यावर आणि वादळ माझ्या वाडीत, आपण दोघे एकाच रांगेत आहोत. समोरासमोर नाही.

नटबोल्ट, कोलीत हातात देऊ नये हे पटतं, पण बाहेर खोटं वाटेल असं घरात वागायचं आणि कोणी बघणार नाही म्हणायचं, हे किती दिवस चालेल? जानेवारी २०२५ ला अमेरिकेने पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडायचा आदेश काढला, नोव्हेंबरात ब्राझीलच्या बेलेंमधल्या हवामान परिषदेत त्यांचं अधिकृत शिष्टमंडळच नव्हतं. मोठा देणेकरी दुकान बंद करून गेला. आता एकमेकांकडे बघण्यावाचून गत्यंतर काय आहे?

---

नटबोल्ट

देणेकरी पळाला म्हणून आपण आपल्याच घरच्यांची झडती घ्यायची? हे गणित मला नाही समजलं. असो, शुक्रवारी एक्सेल पाठवायचंय.

---

ठोकताळे

बाष्प, १८८२ चं मागे घेतो, गोधडीचं उदाहरण मान्य नाही.

वाडीवरचा, एक सरळ प्रश्न. झाडामागे ५० ऐवजी ५०० मिळाले असते, तर हा धागा निघाला असता का?

---

वाडीवरचा

कदाचित नसता निघाला. ५०च मिळाले.