नॅनोट्यूब आहेत, पण दोर कुठे आहे?

अंतराळ-लिफ्ट म्हणजे जमिनीपासून अंतराळापर्यंत ताणलेली केबल आणि तिच्यावरून वर चढणारी गाडी. नॅनोट्यूब, म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म, अतिशय मजबूत नळ्या, सापडल्या म्हणजे या लिफ्टचा प्रश्न सुटला, असं म्हटलं जातं. त्या मुद्द्याला थोडी पुरवणी. २०१३ मध्ये चीनच्या छिंग्हुआ विद्यापीठात एक सलग नॅनोट्यूब अर्ध्या मीटरच्या जरा पुढे गेली. केबल हवी सुमारे १ लाख किलोमीटर. आखूड नळ्या पिळून दोर करावा, तर त्यांची एकमेकींवरची पकड फार कमजोर. ताण आला की नळी तुटण्याआधीच शेजारणीवरून घसरते. माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलंय.

ताण सर्वाधिक असतो ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, भूस्थिर कक्षेत (जिथला उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो), म्हणून केबल तिथे सर्वात जाड. मटेरियल कमजोर असेल तर ही जाडी घातांकी पटीत वाढते. पोलादाचा विचारही नको. ताशी २०० किलोमीटरने तिथवर चढायला साडेसात दिवस, वाटेत व्हॅन ॲलन पट्ट्यांतला (पृथ्वीभोवती अडकलेल्या भारित कणांच्या पट्ट्यांतला) किरणोत्सर्ग. त्यामुळे आधी फक्त सामानच न्यावं.