'सापडलं नाही' म्हणजे 'नाही' का?

बोरूबहाद्दर:
कालच्या त्या पोस्टने डोकं उठलंय. म्हणे प्रोलॉग या नियम लिहून प्रश्न विचारायच्या प्रोग्रॅमिंग भाषेतला नकार, म्हणजे 'नॉट', ही शुद्ध फसवणूक, सिद्ध झालं नाही की सरळ 'नाही' म्हणून मोकळं, आणि अ‍ॅबडक्शन (दिसलेल्या गोष्टीला कारण म्हणून एखादं गृहीतक धरणं) म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, दोघांचा काडीचा संबंध नाही. पहिल्या भागावर वाद घालता येईल, पण दुसरा साफ चूक आहे. 1989 मध्ये एशघी आणि कोवाल्स्की या संशोधकांनी दाखवलं की नॉट हे गृहीतक म्हणूनच वाचता येतं. हे बघा (':-' म्हणजे 'जर', पहिली ओळ म्हणजे कॉफी नसेल तर चहा):

चहा :- नॉट कॉफी.
कॉफी :- नॉट चहा.

प्रोलॉगला 'चहा?' विचारा, स्टॅक भरेपर्यंत गरगरत बसेल. आता 'नॉट कॉफी' काढून तिथे 'कॉफी_नाही' हे गृहीतक ठेवा आणि दोन अटी घाला, कॉफी आणि कॉफी_नाही एकत्र नांदणार नाहीत, आणि दोघांपैकी एक असलंच पाहिजे. चहाचंही तसंच. बरोबर दोन उत्तरं बसतात, एकात चहा, एकात कॉफी. गेल्फाँड आणि लिफशित्झची 1988 ची स्टेबल मॉडेल्स, म्हणजे सगळ्या नियमांशी जुळणारी सुसंगत उत्तरं, तीही हीच दोन. म्हणजे नकार हाच अ‍ॅबडक्शनचा एक प्रकार झाला की. संबंध नाही कसा?

तांबडी_माती:
बोरूभाऊ, कागदावर सगळं छान. पंधरा वर्षं डेटाबेसवर घासतोय, क्वेरी टाकली की एक उत्तर लागतं, दोन मॉडेल्स घेऊन क्लायंटला काय सांगू? रायटरचं क्लोज्ड वर्ल्ड, म्हणजे नोंदीत नाही ते खोटंच, 1978 चं आहे आणि आजही त्यावर जग चालतं. स्टँडवरच्या बोर्डावर 11:40 ची एसटी नाही म्हणजे ती एसटी नाही, तिथे कोणी गृहीतक मांडत बसत नाही. आणि तुमच्या चहा-कॉफीला वेल-फाउंडेड सिमँटिक्स, ही नॉटचा अर्थ लावायची दुसरी पद्धत, सरळ सांगते, दोन्ही अनिश्चित. एकच मॉडेल, आणि पॉलिनॉमियल वेळात, म्हणजे प्रोग्रॅम वाढला तरी आटोक्यात. तुमचं स्टेबल मॉडेल आहे की नाही एवढं ठरवणंच एनपी-कम्प्लीट, म्हणजे झटपट सोडवायची रीत कोणाला माहीत नाही. आणि 'प :- नॉट प' लिहिलं तर एकही मॉडेल नाही, अख्खा प्रोग्रॅम बसला एका ओळीपायी!

ओसरीवरची:
बोर्डाचं ठीक आहे हो, बोर्ड पूर्ण असतो. माझ्या वडिलांचं पेन्शन तीन महिने बंद होतं कारण हयातीचा दाखला 'सिस्टीममध्ये दिसत नाही'. बाबा काठी टेकून त्याच खिडकीसमोर उभे, मी त्यांचा हात धरलेला, आणि आतला माणूस स्क्रीनकडे बघून म्हणतो नोंद नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, ज्याने तो नियम लिहिला त्याने 'दाखला सापडला नाही' आणि 'माणूस हयात नाही' यातला फरकच पुसून टाकला. गेल्फाँड-लिफशित्झनी पुढे 1991 मध्ये दोन वेगळे नकार दिले ते याचसाठी ना? गाडी येतेय असं कळलं नाही म्हणून फाटक ओलांडणं वेगळं, आणि गाडी येत नाहीये हे पक्कं माहीत असताना ओलांडणं वेगळं. तांबडी दादा, तुमच्या एका उत्तरात हे कुठे बसतं?

घटाभाव:
ताई, हा फरक आपल्याकडे केव्हाच झालाय आणि कोणी वाचत नाही याचा मला खरंच त्रास होतो. मीमांसा दर्शनाच्या कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणं, हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं, पण अट घालून. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, तरच 'दिसत नाही' वरून 'नाही' म्हणा. जमिनीवर घडा नाही हे चालेल. पिशाच दिसत नाही म्हणून ते नाही, हे चालणार नाही, तो मुळात दिसणाराच नव्हे. एसटीचा बोर्ड म्हणजे घडा, बाबांचा दाखला म्हणजे पिशाच. आणि अ‍ॅबडक्शन म्हणजे आपली अर्थापत्ती. देवदत्त दिवसा जेवत नाही तरी लठ्ठ आहे, अर्थात रात्री जेवतो.

बोरूबहाद्दर:
पहिलं पटलं. अर्थापत्ती नाही पटली. मीमांसकांचा दावा 'दुसऱ्या कशाने हे जुळतच नाही' असा, तो निश्चित निष्कर्ष आहे. अ‍ॅबडक्शनमध्ये पाच कारणं जुळतात आणि त्यातलं एक तात्पुरतं धरायचं. देवदत्ताला थायरॉईड असेल तर?

घटाभाव:
थायरॉईड काढून हजार वर्षांचा विचार उडवून लावायचा ही काय पद्धत झाली! निष्कर्ष निश्चित मानला हे मान्य. पण दिसलेल्या गोष्टीवरून न दिसलेलं कारण धरायचं, ही चाल तीच नाही का?

बोरूबहाद्दर:
उडवून कोण लावतंय? चाल तीच, पण कारण मागे घेता येतं का हाच सगळा मुद्दा आहे आणि तुम्ही नेमका तोच सोडताय.

तांबडी_माती:
तुमचं देवदत्त उरकलं असेल तर माझं एक दुखणं ऐका. नवीन पोरं हे लिहितात:

गैरहजर(क्ष) :- नॉट हजर(क्ष), विद्यार्थी(क्ष).

विद्यार्थी सुमन आणि अमित, हजर फक्त सुमन. 'गैरहजर कोण?' विचारलं तर उत्तर येतं कोणीच नाही, कारण अटी डावीकडून तपासल्या जातात, आणि क्ष मोकळा, म्हणजे कोण ते ठरलेलं नसताना हजर(क्ष) ला सुमन सापडते आणि नॉट तिथेच पडतं. विद्यार्थी(क्ष) आधी लिहा, अमित येतो. दोन शब्दांची अदलाबदल आणि पोरगं मस्टरवरून गायब. हे शिकवायचं सोडून मॉडेल्सवर भांडताय.

ओसरीवरची:
पण दादा, हे माझंच उदाहरण झालं. अमित गैरहजर असून यादीत नाही, बाबा हयात असून यादीत नाहीत, आणि दोन्हीकडे मशीन तितक्याच ठामपणे 'नाही' म्हणतं. गृहीत धरलंय असं निदान दिसलं असतं तर खिडकीतल्या माणसाला विचारता आलं असतं, कशावरून.

तांबडी_माती:
...बरं. दाखल्याच्या टेबलवर क्लोज्ड वर्ल्ड लावायला नको होतं, एवढं मान्य. एसटीच्या बोर्डावर मी हटणार नाही. पेन्शन सुरू झालं का शेवटी?

ओसरीवरची:
झालं. थकबाकीसह. पण बाबा अजून दर नोव्हेंबरात दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवतात.