विंचू 'उतरतो' म्हणजे नेमकं काय होतं? (खाडीकाठ, मज्जातंतू आणि जांभा अशी टोपणनावं घेतलेल्या तिघांच्या गप्पा.)

खाडीकाठ: गडग्यात, चिऱ्यांच्या राशीत हात घातला की लाल विंचू हमखास. डंख बोटाला, पण कळ काखेपर्यंत. मग कुणीतरी हातावरून खाली खाली हात फिरवत 'उतरवतो' आणि खरंच बरं वाटतं. विष तर जात नाही, मग कमी काय होतं?

मज्जातंतू: विष मज्जातंतूंवरची सोडियमची दारं वेळेवर मिटू देत नाही, म्हणून तंतू एकदा पेटला की संदेश सोडतच राहतो. ए-डेल्टा तंतू सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने नेतात ती पहिली सणक. सी तंतूंचा वेग जेमतेम 0.5 ते 2 मीटर, ती मागून येणारी आग. (मराठीत दोघींना वेगळे शब्द आहेत, हे बरंच झालं.) सतत माऱ्याने मज्जारज्जूतल्या पेशी चाळवतात, मग डंखापासून लांबचा भागही दुखू लागतो. कळ 'चढते' ती अशी.

हात फिरवला की स्पर्शाचे जाड ए-बीटा तंतू जागे होतात आणि मज्जारज्जूतच वेदनेचा संदेश दाबतात. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलेलं 'गेट', म्हणजे वेदनेला अडवणारं फाटक, ते हेच. तपशील पुढे बदलले, गाभा टिकला. शिवाय 'आता उतरणार' या खात्रीने मेंदू स्वतःची अफूसारखी द्रव्यं सोडतो. मंत्राचं श्रेय तेवढंच.

जांभा: डॉक्टर बोट बधिर करायला त्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना 2 टक्के लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात, एकेका बाजूला 1 ते 2 मिली. ॲड्रेनॅलिन मिसळलेलं नको, विषाने ते अंगात आधीच उसळलेलं असतं. तास-दोन तासांनी औषध ओसरलं की ठणका परत येतो, तेव्हा घाबरू नका. घरी फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका.

खाडीकाठ: म्हणजे दुखायचं थांबलं की निर्धास्त?

मज्जातंतू: मुळीच नाही. नुसती प्रचंड कळ असेल तर बहुधा निभावतं. दुखणं बेताचं, पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मुलग्याचं लिंग ताठ, असं काही दिसलं की लगेच दवाखाना. विष हृदयावर आणि फुफ्फुसांवर येतंय. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुजवलेलं प्राझोसिन, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, तिथे कामाला येतं. मुलांना किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत आणि आडवं ठेवूनच, कारण उठून बसवलं की रक्तदाब कोसळतो.