डिफ टूलने फोन नंबरांचा कॉलमच उडवला

फोंड्याहून प्रश्न: काजूच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर लिहितो. गिऱ्हाइकं तीन: म्हापसा, मडगाव, डिचोली. तिन्हीकडची स्कीमा (डेटाबेसच्या टेबलांची रचना) वेगळी, कारण घाईत मीच जागेवर बसून कॉलम घातलेत. काल डिफ टूलने (दोन स्कीमांमधला फरक काढणारं टूल) अपग्रेड स्क्रिप्ट काढून दिली. 'फोन'चं मी 'मोबाइल' केलं होतं, तिथे चक्क ड्रॉप कॉलम आणि अ‍ॅड कॉलम, म्हणजे जुना कॉलम नंबरांसकट उडवून नवा रिकामा! नशीब, कॉपीवर चालवली. डेटाबेस पोस्टग्रेस आहे.

उत्तर: टूलला नाव बदललेलं कळत नाही हो. त्याला दोन टोकं दिसतात, मधली गोष्ट तुमच्या डोक्यात. ती ओळ हाताने रिनेम कॉलम करा. सगळं बिगिन-कमिटमध्ये घाला, म्हणजे मध्येच फसलं तर सगळं मागे फिरेल; पोस्टग्रेस डीडीएलही (रचना बदलणाऱ्या आज्ञा) रोलबॅक करतं. मायएसक्यूएलवाल्यांना हे सुख नाही, तिथे आल्टर टेबल (टेबल बदलायची आज्ञा) आपोआप कमिट होतो, मागे फिरता येत नाही.

दुसरं उत्तर: नवा कॉलम नॉट नल (रिकामा न चालणारा) असेल तर डिफॉल्ट (आपोआप भरायची किंमत) द्या, नाहीतर भरलेल्या टेबलावर स्क्रिप्ट अडकेल. पोस्टग्रेसची आवृत्ती ११च्या आधीची असली तर डिफॉल्टसाठी सगळं टेबल पुन्हा लिहिलं जातं. त्याला वेळ लागतो, म्हणून दुकान बंद झाल्यावरच करा.

फोंडा: डिचोलीचा सर्व्हर ९.६ निघाला! चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत त्याला हात लावत नाही.