पी५३ वाढतोय, पी२१ही वाढतोय, पण एमसीएफ-७ पेशी मरेनात

पेशीरंग:
एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) ला १० मायक्रोमोलर नटलिन-३ हे औषध देऊन ४८ तास ठेवलं. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायची चाचणी) पी५३ (पेशीला थांबवणारं किंवा मारणारं प्रथिन) आणि त्याच्या हाताखालचा पी२१ दोन्ही चांगले वर आले, फ्लो सायटोमीटरमध्ये (एकेक पेशी मोजणारं यंत्र) एस फेज, म्हणजे डीएनएची नक्कल होण्याचा टप्पा, जवळपास रिकामी. पण तुटलेल्या कॅस्पेज-३ (पेशी मरताना कामाला लागणारं एन्झाइम) चा बँड कुठेच नाही, मरणाऱ्या पेशींना चिकटणारं अ‍ॅनेक्सिनही औषध न दिलेल्या कंट्रोलइतकंच. अँटीबॉडी खराब झाली, की पेशी खरंच मरत नाहीयेत?

ब्लॉटवाला:
अँटीबॉडीला कशाला दोष? एमसीएफ-७ मध्ये कामाचा कॅस्पेज-३ नसतोच. जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनमधले ४७ बेस गळालेत. तो बँड जन्मभर शोधलात तरी मिळायचा नाही. कॅस्पेज-७ (कॅस्पेज-३ चा भाऊबंद) आणि तो तोडतो ते पार्प हे प्रथिन बघा: पेशी मरत असेल तर ११६ किलोडाल्टनचा पार्प तुटून ८९ चा तुकडा दिसतो. डीएनए लॅडरच्या (तुटलेल्या डीएनएची जेलवर दिसणारी शिडी) नादी लागू नका, या पेशींत तो धड उमटत नाही.

जी१_थांबा:
खरी खूण अ‍ॅनेक्सिनची आहे. पेशी थांबल्यात, मेल्या नाहीत. नटलिन एमडीएम२ (पी५३ ला दाबून ठेवणारं प्रथिन) ला अडवतं, पी५३ मोकळा होतो. पी२१ सीडीके२ या एन्झाइमला जखडतो, आरबी या प्रथिनावर फॉस्फेट चढत नाही, त्याने धरलेला ई२एफ (विभाजनाची जनुकं चालू करणारा) सुटत नाही. मरायचं तर प्यूमा आणि बॅक्स या मारक प्रथिनांनी मरण रोखणाऱ्या बीसीएल-२ ला पुरून उरावं लागतं, आणि इस्ट्रोजेनवर पोसलेल्या एमसीएफ-७ मध्ये बीसीएल-२ भरपूर असतो. (मीडियातला फिनॉल रेड हा रंगही थोडाफार इस्ट्रोजेनसारखा वागतो, हे कुणी लक्षातच घेत नाही.) औषध धुऊन काढा आणि २४ ते ४८ तासांनी एस फेज भरते का पाहा. भरली तर नुसताच थांबा होता.

पेशीरंग:
तरंगणाऱ्या पेशी मीडियाबरोबर टाकून देतोय. चालेल ना?

ब्लॉटवाला:
अजिबात नाही! मरणाऱ्या पेशी आधी सुटतात, म्हणजे मोजायच्या त्याच तुम्ही फेकताय. मीडिया, धुतलेला बफर आणि ट्रिप्सिनने सुटलेल्या पेशी एकाच ट्यूबमध्ये घ्या, ३०० जी वर ५ मिनिटं फिरवा. ट्रिप्सिनमधला ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतो आणि कॅल्शियमशिवाय अ‍ॅनेक्सिन चिकटत नाही. म्हणून आधी नीट धुवा, मग २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडच्या बफरमध्ये १५ मिनिटं अंधारात रंगवा आणि तासाभरात फ्लोवर चढवा. कॅस्पेज-३ ची अँटीबॉडी तपासायचीच असेल तर जर्कॅट पेशींना (यांत कॅस्पेज-३ असतो) १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन हे पेशी मारणारं औषध द्या.