घोडीच्या पोटशुळाच्या उपचारांचे बिल समजून घेण्यासाठी मदत हवी आहे

सर्व सदस्यांना नमस्कार.

माझ्या काकांच्या घोडीवर गेल्या महिन्यात पोटशुळाचे उपचार झाले. घोडी वाचली, आता चंदी व्यवस्थित खाते आहे, आणि त्याबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे आमच्यावर उपकारच आहेत. परंतु उपचारांचे जे बिल हाती आले आहे ते घरातल्या कोणालाही नीट उलगडत नाही. त्यातील अर्धी रक्कम अजून देणे बाकी असल्यामुळे, ती देण्यापूर्वी काय विचारावे आणि कोणत्या शब्दांत विचारावे, यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

आम्ही शहादा तालुक्यातले. काकांना घरात व गावात सगळे नानाच म्हणतात. थोडी कोरडवाहू शेती आणि लग्नसराईत घोडी वरातीला देणे यावर त्यांचा संसार चालतो. ही मारवाडी घोडी त्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली. एकमुखी दत्ताच्या या यात्रेत मार्गशीर्षात देशभरातून घोडे येतात, लाखांचे व्यवहार होतात, हे खानदेशात कोणालाही सांगायला नको. मात्र यात्रा उठली की घोड्यांचा सराव असलेला डॉक्टर शोधताना वर्षभर आमच्यासारख्यांची किती ओढाताण होते, हे ज्याने घोडा पाळला आहे त्यालाच ठाऊक असते. गाई, म्हशी, बैल आणि शेळ्या पाहणारे डॉक्टर गावोगाव आहेत आणि ते मनापासून काम करतात. पण घोड्याच्या पोटात दुखू लागले की त्यांच्यापैकी अनेक जण स्वतःहून सांगतात की याला मोठ्या ठिकाणी न्या.

आमच्या बाबतीतही तसेच झाले. सायंकाळी घोडी वारंवार पोटाकडे वळून पाहू लागली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली आणि नंतर लोळू लागली. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर तातडीने आले, त्यांनी एक इंजेक्शन दिले आणि फरक न पडल्यास रात्रीच हलवा असे बजावले. त्यानुसार आम्ही पिकअप करून तिला मोठ्या शहरातील एका खाजगी चिकित्सालयात नेले. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. नळी, सलाईन व औषधे यांवर तिचे पोट मोकळे झाले आणि तिसऱ्या दिवशी तिला घरी आणता आले.

बिल दोन पानांचे असून एकूण रक्कम ६१,३४० रुपये आहे. त्यांपैकी ३०,००० रुपये आम्ही दाखल करतानाच भरले होते. पहिले पान छापील आहे, दुसऱ्यावर औषधे व साहित्य हाताने लिहिलेले आहे, आणि अडचण मुख्यतः या दुसऱ्या पानाची आहे. त्यावर ‘एनजीटी × ३’, ‘पीआर × २’, ‘फ्लुनि. १०० मिली’, ‘आरएल ५०० × ४४’, ‘लि. पॅरा. ५ लि.’ अशा नोंदी एकाखाली एक आहेत. प्रत्येकीपुढे रक्कम आहे, परंतु दर कोठेही नाही आणि तारीख किंवा वेळही नाही. सर्वांत खाली ‘कन्झ्यु.’ (बहुधा कन्झ्युमेबल्स, म्हणजे वापरून संपणारे साहित्य) एवढाच शब्द आणि त्यापुढे ६,८०० रुपयांची एकठोक रक्कम आहे.

आमच्या शंका जशा मनात आल्या तशा मांडतो. सलाईनच्या चव्वेचाळीस बाटल्या एका जनावराला लागू शकतात का, हा घरातला पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न आहे, कारण माणसाला दोन-तीन बाटल्या लावलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. वेदनाशामकाची १०० मिलीची आख्खी बाटली एका घोडीसाठी धरली आहे. ती खरोखर एवढी लागली, की उरलेले औषध चिकित्सालयातच राहिले? पहिल्या पानावर ‘हॉस्पिटलायझेशन’ दिवसाप्रमाणे आणि ‘मॉनिटरिंग’ तासाप्रमाणे, असे दोन्ही आकार आहेत. ते एकाच कामाचे दोनदा घेतलेले पैसे आहेत की दोन निराळी कामे? ‘लॅब’ म्हणून ३,२०० रुपये आहेत, पण कोणत्याही तपासणीचा अहवाल आमच्या हाती दिलेला नाही. आणि शेवटी संपूर्ण रकमेवर जीएसटी लावला आहे. डॉक्टरांच्या फीवरही तो लागतो का?

नानांना यातले काहीच विचारायचे नाही. ज्याने जनावर वाचवले त्याच्याशी हिशेबावरून वाद घालू नये, असे त्यांचे स्पष्ट मत आहे, आणि पुढच्या वेळी अशीच रात्र आली तर त्याच दारात उभे राहावे लागेल ही त्यांची काळजी मलाही रास्त वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की, बिल समजून मागणे म्हणजे डॉक्टरांवर आळ घेणे नव्हे. नाना उरलेली रक्कम उसनवारीने उभी करणार आहेत, तेव्हा कोणत्या कामाचे किती पैसे झाले हे कळण्याचा त्यांना अधिकार आहे. जी रक्कम योग्य असेल ती एक रुपयाही कमी न करता देण्याची आमची तयारी आहे.

पशुवैद्यक, घोडे पाळणारे आणि हिशेबाचे जाणकार यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (पशुवैद्यक सदस्य)

नमस्कार. मी तुमच्या घोडीला तपासलेले नाही, त्यामुळे उपचारांविषयी निवाडा देणार नाही. बिलातील नोंदी वाचायच्या कशा, एवढेच सांगतो.

सलाईनचा प्रश्न आधी घेतो, कारण तेथे तुमची शंका दूर होऊ शकते. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट. प्रौढ घोड्याला नुसती रोजची गरज भागवण्यासाठी दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ५० ते ६० मिली द्रव लागतो. घोडी ३५० किलोची धरली तरी हे एका दिवसाला साधारण १७ ते २१ लिटर होते. चव्वेचाळीस बाटल्या म्हणजे २२ लिटर. पोटशुळात पाणी तुटलेले असते, त्यामुळे हा आकडा पाहून अजिबात दचकू नका. विचारायचे असेल तर बाटलीमागे दर किती लावला, ते विचारा.

एनजीटी म्हणजे नाकावाटे जठरात घातलेली नळी. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून जठरात द्रव किंवा वायू तुंबला तर तो नळीनेच काढावा लागतो, अन्यथा जठर फुटण्याचा धोका असतो. त्यामुळे नळी तीनदा घालणे हे दक्षतेचे लक्षण आहे. याच नळीतून लिक्विड पॅराफिन (बिलातील ‘लि. पॅरा.’, मल सैल करणारे तेल) देतात. पीआर म्हणजे गुदमार्गे हात घालून आतड्यांची तपासणी. दोन्ही कामांत कौशल्य लागते आणि जोखीमही असते, त्यांची फी वेगळी असणे योग्यच आहे.

‘फ्लुनि.’ म्हणजे फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाबाबत मात्र तुमचा प्रश्न बरोबर आहे. त्याची नेहमीची मात्रा दर किलोमागे १.१ मिलिग्रॅम असते आणि औषध बहुधा एका मिलीत ५० मिलिग्रॅम या प्रमाणात येते. म्हणजे ३५० किलोच्या घोडीला एका वेळी पावणेआठ मिलीच्या आसपास पुरते. हे औषध वेदनेसोबत लक्षणेही झाकते, म्हणून ते वरचेवर देत नाहीत. दोन-तीन दिवसांत १०० मिली संपण्याचे कारण मला दिसत नाही. कदाचित बाटली तुमच्या नावावर फोडली म्हणून पूर्ण धरली असेल. तसे असल्यास उरलेले औषध तुम्हाला द्यावे किंवा मिलीप्रमाणे आकारणी करावी, अशी विनंती करता येईल. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. शासकीय डॉक्टरांनी सायंकाळी कोणते इंजेक्शन दिले याची नोंद त्यांच्या केस पेपरवर असेल, तिची प्रत घ्या. तेच औषध आधी दिलेले असेल तर पुढची मात्रा किती वाजता दिली, यालाही अर्थ येतो.

मॉनिटरिंग व हॉस्पिटलायझेशन ही दोन निराळी कामे असू शकतात. एक तबेल्याची जागा, चारा आणि माणसाचे, तर दुसरे रात्रभर ठरावीक अंतराने नाडी, पोटातील आवाज व हिरड्यांचा रंग पाहण्याचे. निरोगी प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते आणि पोटशुळात ती कशी चढते-उतरते यावरच शस्त्रक्रियेचा निर्णय अवलंबून असतो. असे निरीक्षण झाले असेल तर त्याचा तक्ता असतोच. तो मागा, त्याने तासांचा हिशेब आपोआप जुळेल. लॅबचा अहवाल मागण्यात तर काहीच संकोच नको, पुढच्या आजारपणात तो उपयोगी पडतो.

नानांना माझा निरोप द्या: नम्रपणे विचारलेल्या हिशेबाचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

प्रतिसाद (जळगाव, करसल्लागार सदस्य)

जीएसटीविषयी लिहितो. पशुवैद्यकीय चिकित्सालयाने प्राणी व पक्षी यांच्या आरोग्यसेवेसंबंधी दिलेल्या सेवांना २८ जून २०१७ च्या केंद्रीय कर (दर) अधिसूचना क्रमांक १२/२०१७ नुसार करमाफी आहे. त्यामुळे तपासणी, नळी, निरीक्षण यांच्या फीवर जीएसटी कोणत्या आधारे लावला, हे लेखी विचारावे. औषधे स्वतंत्रपणे विकली असतील तर त्यांवर कर असतो, परंतु वेष्टनावरील कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेलेच असतात, त्या किमतीवर पुन्हा कर चढवता येत नाही. तसेच जो जीएसटी घेतो त्याने बिलावर आपला नोंदणी क्रमांक द्यायला हवा. तुमच्या बिलावर तो आहे का, ते पाहा.

ग्राहक तक्रारीचा मार्ग आहे, पण तो शेवटचा समजावा. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. घोडी वरातीला देणे हा व्यवसाय आहे, असा आक्षेप समोरून येऊ शकतो. मात्र स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूची मानलेली नाही, या मुद्द्याचा नानांना आधार घेता येईल. केवळ सल्ला हवा असल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे व्यावसायिक वर्तनाची तक्रार जाते, दराच्या वादासाठी तिचा उपयोग नाही, आणि तुम्ही सांगितलेल्यात वर्तनाची तक्रार मला कोठे दिसत नाही.

धागाकर्ता

दोन्ही सदस्यांचे मनःपूर्वक आभार. सलाईनचा हिशेब मी नानांना वाचून दाखवला आणि घरातील सर्वांत मोठी शंका तेथेच मिटली. त्या बाटल्यांविषयी आता आम्ही काहीही विचारणार नाही, दरसुद्धा नाही. शासकीय दवाखान्यातून केस पेपरची प्रत मिळाली असून त्यावर फ्लुनिक्सिन आणि दिल्याची वेळ, दोन्ही नोंदलेले आहेत. बिलावर जीएसटी नोंदणी क्रमांक नाही.

नाना पत्र देण्यास तयार झाले आहेत, मात्र पत्र घेऊन आपण स्वतः जाणार आणि त्याच वेळी उरलेल्या रकमेपैकी १०,००० रुपये भरणार, असा त्यांचा आग्रह आहे, आणि मला तो पटला. पत्राचा मजकूर असा आहे:

‘आपण आमच्या घोडीवर वेळेवर उपचार केले याबद्दल आम्ही ऋणी आहोत. उर्वरित रक्कम देण्यापूर्वी पुढील गोष्टी मिळाव्यात ही विनंती: सलाईन वगळून इतर औषधे व साहित्य यांची दर, तारीख आणि वेळ यांसह यादी, फ्लुनिक्सिनच्या दिलेल्या मात्रा व उरलेल्या औषधाचा तपशील, निरीक्षणाच्या तक्त्याची आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत, ‘कन्झ्यु.’ या रकमेत काय धरले आहे त्याची फोड. आणि जीएसटी कोणत्या आधारे आकारला आहे त्याचा खुलासा. तपशील मिळाल्यावर देय असलेली रक्कम आम्ही विनाविलंब भरू.’

यात एखादी गोष्ट राहिली असल्यास किंवा एखादे वाक्य डॉक्टरांना लागेल असे वाटत असल्यास कृपया सोमवारपूर्वी कळवावे.